नायकाने मेट्रोचा खांब फोडला, तर त्याला किती शिक्षा?

प्रश्न : आमच्या एकांकिकेचा नायक खलनायकामागे धावताना तर्री-पोह्याची गाडी चिरडतो, एक कार उलटवतो आणि छत्रपती चौकात मेट्रोच्या खांबाला तडा पाडतो. शेवटचा प्रवेश कोर्टातला आहे. शिक्षा आणि भरपाई किती दाखवू? – नाट्यलेखक, नागपूर

उत्तर : एकच मोठा आकडा लिहू नका. कोर्टात प्रत्येक तुटक्या वस्तूचा हिशेब वेगळा होतो.

सगळ्यात नाट्य पोह्याच्या गाडीत आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 324 प्रमाणे (आगळीक, म्हणजे मालमत्तेची नासधूस) नुकसान 20 हजारांच्या आत असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, 20 हजारांपासून लाखाच्या आत दोन वर्षांपर्यंत, लाख आणि वर पाच वर्षांपर्यंत. म्हणजे गाडी 19 हजारांची की 21 हजारांची, यावरच उलटतपासणी रंगेल. नव्या गाडीचा भाव चालत नाही, घसारा वजा होतो. पोहेवाल्याकडे बिलं नसणारच. बुडालेल्या कमाईसाठी त्याला यूपीआयचे रोजचे व्यवहार दाखवायला लावा. ‘मला गाडी चिरडायची नव्हती’ हा बचाव लंगडा आहे. नुकसान होण्याचा संभव आहे हे माहीत असणं पुरतं.

कारमालकाकडे सर्वसमावेशक पॉलिसी असेल तर कंपनी त्याला पैसे देईल आणि मग नायकाकडून वसूल करायला येईल. नुसती थर्ड पार्टी (स्वतःच्या कारचं नुकसान न भरून देणारी) असेल तर त्याला स्वतःच तीन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावावा लागेल.

खांबाचं प्रकरण जड. वर्धा रोडवर खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. तडा एकाच खांबाला, पण तपासणी होईपर्यंत तिन्ही मजले बंद. इथे 1984 चा सार्वजनिक मालमत्ता नुकसान प्रतिबंध कायदा लागतो. सार्वजनिक वाहतुकीच्या मालमत्तेसाठी सहा महिने ते पाच वर्षं सक्तमजुरी, आणि सरकारी पक्षाचं म्हणणं ऐकल्याशिवाय जामीन नाही.

सुटकेची वाट न्याय संहितेच्या कलम 19 मधून जाते. आग पसरू नये म्हणून मधली घरं पाडणारा माणूस हे त्या कलमातलंच उदाहरण आहे. नुकसान होणार हे ठाऊक असूनही, मोठी हानी टाळायला सद्भावनेने केलेलं कृत्य गुन्हा ठरत नाही. पण ती हानी तितकी गंभीर आणि अगदी तोंडावर आलेली हवी. तुमचा खलनायक तर नुसता पळतोय! त्याच्या हातात पेटती वात द्या, समोर गर्दी उभी करा. तरी हा बचाव खांबाच्या आरोपातून वाचवेल, पोह्याच्या गाडीच्या आरोपातून वाचवेलच असं नाही. ती दोन पावलं बाजूने ओलांडता आली असती का, हे सरकारी वकील विचारणारच.