जुन्या ऑस्ट्रेलियन बोलीच्या नादाला लागताय? आधी एवढं करा

जुन्या ऑस्ट्रेलियन बोलीतले शब्द कुठून आले, कसे रुळले हे शोधायला तुम्ही काढलेली पन्नास शब्दांची यादी पाहिली. उत्साह छान, पण एकदम एवढे नकोत. एकच घ्या. मी तर 'सनडाउनर' घेईन: काम मागायला म्हणून मेंढ्यांच्या मळ्यावर मुद्दाम सूर्य बुडताना पोचणारा भटक्या. कामाची वेळ टळलेली, शिधा मात्र मिळायचा. एका शब्दात अख्खी लबाडी!

शोध ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या संकेतस्थळावर घ्या; तिथे जुनी वर्तमानपत्रं चाळता येतात, फुकट आहे. नवे लोक हमखास इथे घसरतात:

- यंत्राने वाचलेल्या मजकुरावर विसंबतात. पुसट छपाईत 'बिली'चं (चहा उकळायचा डबा) सहज 'हिली' होतं. मूळ पानाचं चित्र बघाच.
- सापडलेली सर्वांत जुनी तारीख म्हणजे शब्दाचा जन्म असं धरतात. गावोगावची वर्तमानपत्रं एकमेकांचा मजकूर सर्रास उचलत, तेव्हा मूळ आणखी आधीचं असू शकतं.
- आजचा अर्थ मागे ढकलतात. १८५०च्या दशकातला 'डिगर' सोनं खणणारा. सैनिक झाला तो पहिल्या महायुद्धात.

अवतरणचिन्हांवर नजर ठेवा. संपादकाने शब्द त्यांत टाकलाय म्हणजे तो त्याला अजून नवा, नाहीतर जरा हलका वाटतोय. रुळला की चिन्हं गळतात. हे गळणं वर्षागणिक टिपण्यात जी मजा आहे ना!

व्युत्पत्तीच्या चटकदार गोष्टींवर भाळू नका. काही खऱ्या निघतात, जसा 'फर्फी', म्हणजे आपली कंडी: ऑस्ट्रेलियातल्या शेपर्टन गावच्या फर्फी कारखान्याच्या पाणगाड्यांभोवती सैनिक गप्पा हाणत, त्यावरून. बऱ्याच मात्र मागाहून रचलेल्या.

व्याकरण, उच्चार वगैरे सध्या राहू द्या. दहा नोंदी झाल्या की तारखेसकट दाखवा.