पहिलं पोटकंत्राट घेताय?

अभिनंदन! पोटकंत्राट म्हणजे मूळ कंत्राटदाराने अंगावर घेतलेल्या कामाचा काही भाग तुमच्याकडे सोपवणं. काम त्याने जातीनेच करायचं असं ठरलेलं नसेल, तर १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ४० त्याला ही मुभा देतं. मालकापुढे जबाबदार मात्र तोच. म्हणून तुमचे पैसेही त्याच्याकडूनच यायचे. नवखे नेमके इथे अडकतात, थेट मालकाकडे तगादा लावतात.

सुरुवातीला एवढं सांभाळा:

- दर आणि मुदत लिहिलेली वर्क ऑर्डर हातात आल्याशिवाय माणसं कामावर पाठवू नका.
- ‘वरून पैसे आले की देतो’ म्हणाले, तर जास्तीत जास्त किती दिवसांत, ते लिहून घ्या.
- भिंतीतली पाइपलाइन प्लास्टरखाली जाण्याआधी मोजमापावर सही घ्या. नंतर कोणी भिंत फोडून मोजत नाही.

जीएसटी, टीडीएसचं काय करायचं, ते पहिलं बिल करताना विचारा, सांगतो.