वाद तुम्ही घालायला हवा होता

ताई, मी हिंजवडीतल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे. हाताखाली 18 जण. दिवसभर मीटिंगा, रात्री साडेआठला अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल. वर डिलिव्हरी हेड, खाली टीम, मध्ये मी. ऑगस्टमध्ये एका बँकेचं मायग्रेशन, म्हणजे जुनी यंत्रणा नव्या यंत्रणेवर हलवायचं काम, आम्ही एकही तक्रार न येता पार पाडलं, श्रेय वरच्यांनी घेतलं. आता अप्रेझल. बेल कर्व्हप्रमाणे, म्हणजे ठरावीक जणांना तळाला ठेवायच्या नियमाप्रमाणे, दोघांना सर्वांत खालचं रेटिंग देणं भाग होतं. एकाचं काम खरंच कमी पडलं. दुसरी मायग्रेशनची लीड. ती ऑक्टोबरपासून मॅटर्निटी लीव्हवर होती, त्यामुळे नॉर्मलायझेशनच्या, म्हणजे सगळ्यांची रेटिंग त्या कर्व्हमध्ये बसवायच्या, मीटिंगमध्ये फारसा वाद झाला नाही. पत्रं पुढच्या शुक्रवारी निघतील. मला झोप लागत नाही. बायको म्हणते, राजीनामा द्या आणि साताऱ्याची शेती बघा. देऊ का?
— एक मॅनेजर, पुणे

तुमची ओढाताण कळली. पण पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडले, ती अजून तिथेच आहे. ‘फारसा वाद झाला नाही.’

वाद घालणार कोण होतं? नॉर्मलायझेशनला टीममधलं कोणीच नसतं. पडद्यावर एक्सेलची शीट, त्यात नावांच्या ओळी. एचआर म्हणते, अजून दोन नावं खाली न्या. मग प्रत्येक मॅनेजर आपापल्या माणसांसाठी भांडतो आणि ज्याच्यासाठी कोणी भांडत नाही त्याचं नाव खाली जातं. तिच्या बाजूने बोलू शकेल असा त्या खोलीत एकच माणूस होता. तो गप्प बसला. झोप त्यामुळे उडाली आहे, रात्रीच्या कॉलमुळे नाही.

मायग्रेशनचं श्रेय वरच्यांनी लाटलं म्हणून तुम्ही दुखावला आहात. आणि ते मायग्रेशन जिने पोटात बाळ असताना उभं केलं, तिला तुम्ही सगळ्यांत खाली बसवलंत. वरच्यांनी तुमचं नुसतं श्रेय घेतलं. तुम्ही तिचं व्हेरिएबल पे, म्हणजे रेटिंगवर ठरणारा पगाराचा भाग, घेतलंत, पगारवाढ घेतलीत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा असंच झालं तर तिच्या हातात पीआयपीचा, म्हणजे ‘ठरल्या मुदतीत काम सुधारा’ असा कागद पडेल. घरात तेव्हा दीड वर्षाचं मूल असेल.

‘भाग होतं’ हे मला सांगू नका. बेल कर्व्ह फार तर आकडा सांगतो, दोन. कोण, ते सांगत नाही. नाव तुम्ही लिहू दिलंत. आणि हा कर्व्हही काही आभाळातून पडलेला नाही. जॅक वेल्च यांनी ते प्रमुख असताना जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीमध्ये तळाचे दहा टक्के वेगळे काढायची रीत रुजवली, पुढे ती सगळीकडे पसरली. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची वर्गवारी 2013 मध्ये बंदही केली. बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा मात्र 2017 पासून कायद्यात आहे, पहिल्या दोन मुलांसाठी. तो तिचा हक्क आहे. ते महिने तिच्या कामात वजा म्हणून धरायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?

तुम्ही राजीनामा दिलात तरी तिचं रेटिंग आहे तिथेच राहील, आणि ते बदलायला तिथे कोणी उरणार नाही. म्हणून शुक्रवारपर्यंत तो विषय बंद.

उद्या सकाळी डिलिव्हरी हेड आणि एचआर, दोघांना एकच मेल करा. फोनवर बोलू नका, लेखी द्या. एप्रिल ते सप्टेंबर तिने काय काय केलं ते तारखांसकट लिहा, क्लायंटची कौतुकाची मेल असेल तर जोडा. आणि स्पष्ट लिहा की रजेमुळे तिचं रेटिंग खाली गेलं, ही माझी चूक आहे, ते बदलावं. लगेच विचारतील, मग तिच्या जागी कोण? कोणाचंही नाव देऊ नका. एक जागा रिकामी राहू द्या. त्यापायी तुमचं स्वतःचं रेटिंग घसरलं तर घसरू द्या.

मग, मेलचं उत्तर काहीही येवो, शुक्रवारच्या आधी तिला समोर बसवून सगळं सांगा. मीटिंगमध्ये काय झालं, तुम्ही काय बोलला नाहीत, आता काय लिहिलं आहे. ती मेल तिलाही दाखवा. ती चिडेल, चार शब्द सुनावेल. मध्ये बोलू नका.