दहा मीटरच्या एअर रायफलचा ग्रुप (लक्ष्यावरचा छर्ऱ्यांचा पुंजका) आवळण्यासाठी नळी बदलावी की प्रेशर वाढवावं?

दोन्ही नको. म्हापशात राहता म्हणालात, तर आधी पाऊस आठवा. आपल्या दमट, खाऱ्या हवेत लाकडी दस्ता फुगतो, स्क्रू ढिले पडतात. ते कंपनीने दिलेल्या मापाने आवळा, नळीतून फेल्टचे बोळे फिरवा आणि रायफल सिलिका जेलसोबत पेटीत ठेवा. फोंड्यातल्या माझ्या घरी जुलैत दोन आठवडे उघडी राहिलेली रायफल मी गंजलेली पाहिलीय, अजून हळहळ वाटते.

मग छर्रे. खरा फरक इथेच पडतो. लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका जेमतेम ०.५ मिमीचा असतो. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी डोक्याचे मॅच (स्पर्धेचे) छर्रे थोडे थोडे आणा, रायफल शिकंज्यात पक्की धरा आणि प्रत्येकाचे दहा दहा मारून बघा. जे तुमच्या नळीला मानवतात, त्याच लॉटचे डबे भरून ठेवा.

प्रेशर वाढवून अचूकता येत नाही. मॅच रायफलचा वेग मुद्दामच सेकंदाला १७० ते १७५ मीटरच्या आसपास ठेवलेला असतो. शिवाय छर्ऱ्याच्या ऊर्जेत २० ज्यूलपलीकडे गेलात की परवान्याचा प्रश्न येतो. हवेचा दाब सारखा ठेवणारा रेग्युलेटर तर घरी उघडूच नका, आत दाबाखाली हवा असते.

बदल करायचाच असेल तर गालाची पट्टी आणि बट तुमच्या अंगकाठीला बसवून घ्या. मान न वाकवता डोळा साइटसमोर आला पाहिजे. रायफलला वजन लावताना स्पर्धेची एकूण ५.५ किलोची मर्यादा पाळा.