संतत फल विकलनीय का असेलच असे नाही?

विकलनीय फल (फंक्शन) संतत असते, पण संतत फल विकलनीय असेलच असे नाही, हे विधान वाचल्यावर त्याचे कारण काय, असे आपण विचारले आहे. पहिल्या भागाचे कारण व्याख्येतच आहे. फ हे फल अ या बिंदूपाशी विकलनीय असते, म्हणजे क्ष हा अ च्या निकट जात असताना फ(क्ष) − फ(अ) ला क्ष − अ ने भागून येणाऱ्या गुणोत्तराची सीमा सांत, म्हणजे एक निश्चित संख्या असते, अनंत नसते. फ(क्ष) − फ(अ) म्हणजे हेच गुणोत्तर गुणिले क्ष − अ. पहिल्या अवयवाची सीमा सांत आणि दुसऱ्याची शून्य, म्हणून गुणाकाराची सीमाही शून्य. आणि यालाच अ पाशी सांतत्य म्हणतात. येथे ‘सांत’ हा शब्द वगळून चालत नाही. धन संख्येला १, ऋण संख्येला −१ आणि शून्याला ० ही किंमत देणारे फल शून्यापाशी संतत नाही, तरी तिथले गुणोत्तर १/|क्ष| हे अनंताकडे जाते.

उलट विधान फसते, कारण फलाच्या किमतींमधला फरक शून्याकडे जातो एवढेच सांतत्य सांगते, तो किती वेगाने जातो हे सांगत नाही. |क्ष| या फलासाठी शून्यापाशी उजवीकडून गुणोत्तर १ येते आणि डावीकडून −१, म्हणून सीमा नाही. माझ्या मते याहून बोधप्रद उदाहरण क्ष·साइन(१/क्ष) हे आहे (शून्यापाशी किंमत ०): तेथे गुणोत्तर साइन(१/क्ष) एवढेच उरते आणि ते −१ व १ यांच्यामध्ये अखंड हेलकावत राहते, त्यामुळे एका बाजूचीही सीमा मिळत नाही.

अशी उदाहरणे पाहून, संतत फल काही सुट्या बिंदूंवरच बिघडत असावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. एकोणिसाव्या शतकातील बहुतेक गणितज्ञांचीही तीच समजूत होती. जर्मन गणितज्ञ वायरश्ट्रास यांनी १८७२ मध्ये बर्लिनच्या अकादमीपुढे सर्वत्र संतत, पण एकाही बिंदूपाशी विकलनीय नसलेले फल मांडले आणि ती समजूत मोडली. १९३१ मध्ये बानाख आणि माझुर्कीएविच या पोलिश गणितज्ञांनी तर स्वतंत्रपणे दाखवले की, बेअरच्या वर्गीकरणाच्या अर्थाने (म्हणजे अपवाद असलेल्या फलांचा संच ‘विरळ’ ठरतो या अर्थाने), बहुतांश संतत फले याच प्रकारची असतात.

एक बारकावा मात्र विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटतो: विकलनीयतेतून मिळणारे सांतत्य त्याच बिंदूपुरते असते, त्याच्या शेजारच्या बिंदूंना ते लागू होत नाही. परिमेय क्ष साठी क्ष² आणि अपरिमेय क्ष साठी ० अशी किंमत देणारे फल घ्या. शून्यापाशी गुणोत्तराचे निरपेक्ष मूल्य |क्ष| पेक्षा मोठे होत नाही, म्हणून विकलज (गुणोत्तराची सीमा) ० येतो आणि फल तेथे संततही असते. पण शून्याखेरीज इतर प्रत्येक बिंदूपाशी हेच फल असंतत आहे.