अनुदान गोठले, त्यात मुलीचा काय दोष?

प्रश्न : माझी मुलगी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला अमेरिकेत पीएच.डी. करायची आहे. बॉस्टनच्या एका खासगी विद्यापीठातील प्राध्यापकांनी तिच्याशी बोलून घेतले आणि नंतर ‘अनुदानाचा निर्णय लागल्याशिवाय नवीन विद्यार्थी घेता येणार नाही’ असे कळवले. एवढ्या श्रीमंत खासगी विद्यापीठाला सरकारी पैसा कशाला लागतो? ही सबब आहे. मुलगीच बोलण्यात कमी पडली असणार, असे मी तिला सुनावले. आता कर्ज काढून तिने तिथेच एम.एस. करावे, असे मी ठरवले आहे. नातेवाइकांना ती जाणार हे सांगून झाले आहे. – एक पालक, सांगली

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘सुनावले’ आणि ‘ठरवले’ हे दोन शब्द मला सर्वांत जास्त खटकले. मुलीची इच्छा एका वाक्यात आली आणि पुढच्या सगळ्या पत्रात ती तुम्ही बाजूला सारलीत. प्राध्यापकांनी खरे कारण लिहिले असताना तुम्ही त्याचा दोष तिच्या माथी मारलात, हे मला फार गंभीर वाटते.

खासगी विद्यापीठ म्हणजे सरकारी पैशाविना चालणारे विद्यापीठ, हा गैरसमज आधी दूर करा. तिथल्या जीववैद्यकीय प्रयोगशाळा मोठ्या प्रमाणावर अमेरिकी केंद्र सरकारच्या संशोधन अनुदानांवर चालतात, आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचे विद्यावेतनही बहुधा त्यातूनच निघते. विद्यापीठाकडे ठेवी असतात, परंतु त्यांतील बराच भाग देणगीदारांनी ठरावीक कामासाठी बांधून दिलेला असतो. ही नाडी हाती असल्यानेच ट्रम्प सरकारने २०२५ मध्ये ती आवळली. विद्यार्थी आंदोलनांच्या काळात ज्यूविरोधी छळ रोखला नाही, या आरोपावरून मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाची सुमारे ४० कोटी डॉलरची अनुदाने व कंत्राटे रद्द झाली; प्रवेश आणि नेमणुकांच्या पद्धतीतही हात घालणाऱ्या सरकारच्या मागण्या हार्वर्ड विद्यापीठाने १४ एप्रिलला नाकारल्या, तेव्हा त्याच दिवशी २२० कोटी डॉलर गोठवले गेले. कोलंबियाने जुलैत तीन वर्षांत २० कोटी डॉलर भरण्याचे मान्य करून तडजोड केली. हार्वर्ड न्यायालयात गेले, आणि ही कारवाई बेकायदा असल्याचा निकाल सप्टेंबरमध्ये मिळाला. पण मधल्या काळात ज्या संशोधकांचे काम अडले, त्यांचे महिने निकालाने परत आले नाहीत. वाद विद्यार्थी आंदोलनांचा आणि विद्यापीठाच्या स्वायत्ततेचा, आणि झळ मात्र पेशींवर काम करणाऱ्या प्रयोगशाळेला, हे मला सरळ अन्यायाचे वाटते. अशा वातावरणात एखादा प्राध्यापक पैसे हाती येण्याआधी विद्यार्थ्याला शब्द देत नसेल, तर तो प्रामाणिकपणे वागतो आहे.

एम.एस.साठी कर्ज काढण्याला माझा स्पष्ट विरोध आहे. जिला विद्यावेतन घेऊन संशोधन करायचे आहे, तिच्यावर केवळ नातेवाइकांना दिलेला शब्द राखण्यासाठी लाखोंचे ओझे टाकणे योग्य नाही.

तिने त्या प्राध्यापकांना आभाराचे पत्र लिहून निर्णय कधी अपेक्षित आहे हे विचारावे. इतर विभागांकडे अर्ज करताना विद्यावेतनाची हमी विभाग देतो की एका प्राध्यापकाचे अनुदान, आणि ती किती वर्षांची आहे, हे लेखी विचारून घ्यावे. सोबत सीएसआयआर-नेट आणि गेट या भारतातील पात्रता परीक्षा द्याव्यात. पुण्यातील आयसर आणि एनसीसीएस (राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र) या संशोधन संस्थांतही या विषयात उत्तम पीएच.डी. होते.

कर्जाचा अर्ज तूर्त थांबवा, प्राध्यापकांचे ते उत्तर मुलीसोबत बसून पुन्हा वाचा आणि तिला जे सुनावले ते चुकीचे होते, हे तिला सांगा. पुढचे पत्र मुलीने स्वतः लिहावे. मी तिलाच उत्तर देईन.