शेडकार्ड आधी आजींच्या हातात दे

प्रिय पोरी,

तुझा मेसेज मिळाला, व्हॉइस नोट पण ऐकली (जरा हळू बोलत जा गं, दोनदा ऐकावी लागली), शेडकार्डचे (रंगांच्या छटा दाखवणाऱ्या दुकानातल्या कार्डाचे) फोटो पण बघितले. दिवाळीच्या आधी तुमच्या ग्रुपनी तो वृद्धाश्रम रंगवून द्यायचा, शेवटच्या दिवशी साड्या वाटायच्या, फराळ करायचा, असा एकूण बेत दिसतोय. बेत चांगलाय. तुमच्या वयात आम्ही सुट्टीत कॅरम खेळायचो, तुम्ही निदान ब्रश तरी हातात घेताय. पण तू विचारलंस की "सर, निळ्या रंगानी मन शांत होतं ना, मग सगळ्या खोल्या फिक्या निळ्या करून टाकू का", तर त्याला हो किंवा नाही असं उत्तर देता येत नाही म्हणून हे लांबलचक लिहायला बसलोय, तू पण चहा घेऊन बस.

पहिलं म्हणजे तो रीलमधला चार्ट बाजूला ठेव. लाल म्हणजे राग, निळा म्हणजे शांती, पिवळा म्हणजे आनंद वगैरे. रंगाचा माणसावर परिणाम होतो, शंभर टक्के होतो, पण तो असा औषधाच्या गोळीसारखा होत नाही की निळा लावला आणि अर्ध्या तासात बीपी खाली. तुला एक किस्सा सांगतो. १९७९ साली अमेरिकेत सिएटलच्या नौदलाच्या तुरुंगात एक कोठडी गुलाबी रंगवली, अलेक्झांडर शॉस नावाच्या माणसाचं म्हणणं होतं की या गुलाबी रंगात माणूस शांत होतो, भांडत नाही. तिथल्या दोन अधिकाऱ्यांच्या नावावरून त्या शेडचं नावच बेकर-मिलर पिंक पडलं. झालं, मग बाकीच्या तुरुंगांनी पण कोठड्या गुलाबी करायला घेतल्या, कारण रंगाचा डबा हा माणूस सुधारायचा सगळ्यात स्वस्त मार्ग ना. पुढे लोकांनी नीट तुलना करून बघितलं, स्वित्झर्लंडच्या एका तुरुंगात काही कैदी गुलाबी कोठडीत आणि काही पांढऱ्या कोठडीत ठेवले, तर आक्रमकपणात काही फरकच सापडला नाही. तरी तो गुलाबी रंग अजून इंटरनेटवर फिरतोय, तुझ्या त्या रीलमध्ये पण असेल बघ.

मग रंग खरं काम कुठे करतो? तर डोळ्यात करतो, आणि छपरावर करतो, आणि मनात करतो पण तिथे तो आपापल्या आयुष्यातून आलेला असतो, चार्टमधून नाही.

डोळ्याचं बघ. ऑपरेशन थिएटरमधे हिरवे-निळे कपडे का असतात? मन शांत व्हावं म्हणून नाही. सर्जन तासन्‌तास लाल रक्ताकडे बघतो, मग मान वर करून पांढऱ्या कपड्याकडे बघितलं की डोळ्यापुढे हिरवट डाग तरंगायला लागतात, हिरव्या कापडावर ते जाणवत नाहीत आणि पांढऱ्याचा झगझगाटही नसतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या हॅरी शेर्मन नावाच्या सर्जननी १९१४ साली आपल्या थिएटरला पालकाच्या भाजीसारखा हिरवा रंग दिला तिथून हे पसरत गेलं असं म्हणतात.

आता तुझ्या आजी-आजोबांच्या डोळ्यांकडे ये, कारण हीच खरी तुझ्या कामाची गोष्ट आहे. वय झालं की डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, उजेड कमी आत जातो, आणि सगळ्यात आधी मार बसतो निळ्याला. तू जो फिका अस्मानी निवडलायस ना तो तुला छान अस्मानी दिसतो, ऐंशी वर्षाच्या आजीला तो मळका करडा दिसू शकतो. निळा आणि हिरवा, दोन्ही फिके असले तर त्यांना त्यातला फरकच कळत नाही. म्हणजे तुम्ही एवढ्या प्रेमानी लावणार आणि त्यांना वाटणार भिंत नुसतीच धुरकट आहे! त्यांना रंग कुठला यापेक्षा शेजारच्या रंगापेक्षा तो किती वेगळा आहे हे महत्त्वाचं. भिंत फिकी असेल तर दाराची चौकट गडद पाहिजे, म्हणजे दार कुठे आहे ते रात्री उठल्यावर कळतं. संडासात पांढरी फरशी, पांढरी भिंत, पांढरं कमोड आणि त्याच्या बाजूचा दांडा पण पांढरा, असं असेल तर त्यांनी धरायचं काय? तो दांडा लाल किंवा गडद निळा कर, वीस मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या भित्तिचित्रांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. पायऱ्यांच्या कडेला पिवळा पट्टा मार, प्रत्येक पायरीला, फक्त पहिल्या-शेवटच्या नाही.

तो रेल्वे प्लॅटफॉर्मवरचा खडबडीत पिवळा पट्टा माहितीये ना? ती फरशी जपानच्या सेईची मियाके नावाच्या माणसानी १९६५ साली काढली, मित्राची नजर जात चालली होती म्हणून, स्वतःच्या खिशातले पैसे घालून. १९६७ मधे ओकायामा शहरात एका अंधशाळेजवळच्या रस्त्यावर ती पहिल्यांदा बसवली. ज्यांना अगदीच दिसत नाही त्यांना पायाखालचे उंचवटे, आणि ज्यांना अंधुक दिसतं त्यांना तो पिवळा. मला तर परोपकार म्हटलं की हाच माणूस आठवतो.

अजून एक. बोस्टनमधे २००४ साली अल्झायमर खूप पुढे गेलेल्या काही रुग्णांवर एक छोटा अभ्यास झाला होता, पांढऱ्या ताटल्यांऐवजी भडक लाल ताटल्यांत जेवण वाढलं तर ते सुमारे २५ टक्के जास्त जेवले. नऊच माणसं होती त्यात म्हणून फार नाचायचं कारण नाही, शिवाय गडद निळ्या ताटल्यांनी पण तोच फरक पडला, म्हणजे जादू लाल रंगात नव्हती, जेवण उठून दिसण्यात होती. पण विचार कर, पांढऱ्या प्लेटमधे दहीभात, वरून अंधुक ट्यूबलाईट. तुमच्या त्या आश्रमात विसरभोळे झालेले कोणी असतील तर भिंतीच्या बजेटमधून थोडे पैसे काढून गडद रंगाच्या थाळ्या घ्या.

आता छप्पर. तू पाठवलेल्या फोटोत मागची खोली पत्र्याची दिसतेय. तिथे आतून कुठलाही रंग लाव, एप्रिल-मेमधे ती भट्टीच राहणार. त्या पत्र्याला वरून पांढरा रिफ्लेक्टिव्ह रंग मारायचा, पैसे कमी असले तर निदान चुना. अहमदाबादमधे महापालिकेनी २०१७ पासून कूल रूफचा कार्यक्रम घेतला, महिला हाउसिंग ट्रस्टच्या बायकांनी वस्त्यांमधली छपरं पांढरी करायला लोकांना राजी केलं, आणि आतलं तापमान २ ते ५ अंशांनी उतरू शकतं असं तिथलं सांगणं आहे. पाच अंश म्हणजे किती ते पत्र्याखाली दुपार काढणाऱ्याला विचार. हा रंग खाली उभं राहून कोणाला दिसणार नाही आणि याचा फोटोही चांगला येत नाही, म्हणून बहुतेक ग्रुप हे करत नाहीत.

रंगकामाचं थोडं सांगतो, कारण तुमच्यात एकही पेंटर नाही असं तूच म्हणालीस. ओल आलेल्या भिंतीवर रंग मारू नका, होळीपर्यंत पोपडे पडतील. आधी ओल कुठून येते ते बघा, गळकी पाइप असेल तर प्लंबर बोलवा, मग भिंत वाळू द्या, मग खरवडून प्रायमर, लांबी (भेगा-खड्डे बुजवायचा लेप), परत प्रायमर, आणि मग रंगाचे दोन हात. एक जाणता पेंटर दोन दिवसासाठी मजुरी देऊन बोलवा, फुकट नाही, त्याचंही पोट आहे. आणि हे नीट ऐक – जुना ऑईलपेंट कोरडा असताना पॉलिश पेपरनी घासायचा नाही. जुन्या पिवळ्या, लाल, हिरव्या ऑईलपेंटमधे शिसं असायचं, ती धूळ नाकातोंडात जाते, लहान मुलांना तर फारच वाईट. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग) असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे, त्याच्या आधीच्या रंगाचा भरवसा नाही. म्हणून असा जुना ऑईलपेंट असेल तिथे तो ओला करून खरवडा, मग भिंत परत वाळू द्या, मास्क लावा, आणि नवीन डबा घेताना त्यावर शिशाचं काय लिहिलंय ते वाचा. पुढच्या वर्षी तुम्हाला अंगणवाडी रंगवायचीये ना, तिथे तर झुल्याच्या आणि खिडकीच्या गजांना मारायचा भडक पिवळा घेताना दहादा बघा, पोरं गज चाटतात.

आता साड्या. इथे मी जरा कडक बोलणार आहे, रागावू नकोस.

तू म्हणालीस "सोसायटीतून जुन्या साड्या जमा करतोय, भरपूर आल्यात". येणारच. कपाट रिकामं करायचं असतं लोकांना, आयजीच्या जिवावर बायजी उदार तसं हे, फॉल निघालेली, घामाचे डाग पडलेली साडी दान म्हणून पिशवीत जाते. पूर आला की हेच, ट्रक भरून कपडे येतात आणि निम्मे तिथेच रस्त्याकडेला पडून राहतात. दिल्लीच्या गूंज संस्थेनी, अंशू गुप्तांनी १९९९ मधे सुरू केलेली, या कपड्यांकडेच काम म्हणून बघितलं – निवडायचे, दुरुस्त करायचे, आणि गावानी आपलं काही काम उभं केलं की त्याचा मोबदला म्हणून द्यायचे, भीक म्हणून नाही. अंशू गुप्तांना २०१५ मधे मॅगसेसे मिळालं ते उगाच नाही.

आणि रंग! वृद्धाश्रमात द्यायच्या म्हणून तुम्ही करड्या, बदामी, मोतिया, पांढऱ्यावर बारीक ठिपके अशा साड्या वेगळ्या काढल्यात असं फोटोत दिसतंय. कोणी सांगितलं तुम्हाला की त्यांना हेच आवडतं? हे आपल्या डोक्यात बसलेलं आहे, नवरा गेला की बाईनी फिकं नेसायचं, हिरव्या बांगड्या नाहीत, कुंकू नाही. नवरात्रात नऊ दिवस सगळं ऑफिस एका रंगात नटतं, आणि त्याच घरातली आजी कोपऱ्यात फिकट साडीत. वृंदावनात हजारो विधवा पांढऱ्या कपड्यात दिवस काढतायत, त्यातल्या बऱ्याच बंगालमधून आलेल्या, तिथे सुलभ संस्थेनी २०१३ साली त्यांच्यासाठी आश्रमात होळी घडवून आणली तेव्हा केवढी बातमी झाली, गुलाल अंगावर घेणं ही बातमी! आपल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनी मे २०२२ मधे विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद असा ठराव केला, मग सरकारनी पण बाकीच्या गावांसाठी परिपत्रक काढलं. ठराव झाला म्हणून लगेच मनातलं जात नाही, पण निदान आपण त्यात भर घालू नये.

आमच्या ग्रुपनी एकदा काय केलं ते सांगतो. वाटप असं ठेवलंच नाही, कॉटवर साड्या दुकानासारख्या मांडल्या, डाळिंबी, आमसुली, चिंतामणी, मोरपंखी, पोपटी, सगळे रंग, आणि सांगितलं बघा आणि उचला. एक आजी बराच वेळ नुसती चिंतामणी साडीच्या काठावरून बोटं फिरवत होत्या, घेतही नव्हत्या आणि सोडतही नव्हत्या. मग शेजारच्या कॉटवरच्या बाईंकडे बघून हळूच म्हणाल्या, "मला चालंल का गं ही?" तर ती बाई म्हणाली, "घे की, कोण बघायलंय हितं." घेतली. दुसऱ्या एकींनी मात्र सगळं बघून पांढरीच उचलली, मला हीच बरी वाटते म्हणाल्या, तेही ठीकच, आपण कोण त्यांना भडक नेसवणारे. आणि दोघीतिघी नुसत्या बसून राहिल्या, का तर त्या नऊवारी नेसणाऱ्या, आमच्याकडे सगळ्या सहावारी. तेव्हा आधी जाऊन विचार कोण काय नेसतं, कोणाला गाऊनच सोयीचा पडतो, आजोबांना लेंगा हवा की धोतर. थोड्या साड्या आण पण नवीन आण.

भिंतींचंही तेच. येत्या रविवारी शेडकार्ड घेऊन जा आणि त्यांच्या हातात दे, त्यांच्याच खोलीत, त्यांच्याच उजेडात, दुकानातल्या लाईटमधे नाही. आधी भिंतीवर वहीच्या पानाएवढा तुकडा रंगवून दोन दिवस तसाच ठेव. एका खोलीत चौघी असतील तर चार मतं होतील, होऊ दे भांडण, बऱ्याच दिवसांनी कोणीतरी त्यांचं मत मागतंय. कोणी भगवा म्हणेल, कोणी निळा म्हणेल, कोणी हिरव्याला नाक मुरडेल, आपल्याकडे रंगांना झेंडे आहेत हे तू विसरू नकोस, त्यात तू न्यायाधीश बनू नको, कॉटमागची भिंत ज्याची त्याला निवडू दे आणि बाकीच्या भिंती फिक्या क्रीम कर. चकचकीत फरशी किंवा दारात गडद पायपुसणं टाकू नका, ज्यांना विस्मरण आहे त्यांना ते कधीकधी खड्डा वाटतो, पाय उचलायलाच घाबरतात.

फोटो काढाल तर भिंतींचे काढा. माणसांचे त्यांना विचारून, आणि साडी हातात देतानाचा फोटो नकोच, तो मला कधीच आवडला नाही.

पैसे उरले तर परस्पर बॅनर छापू नका, आश्रमाच्या बाईंना विचारा गीझर चालू आहे का. हिशोब वहीत लिही, देणाऱ्यांना ग्रुपवर टाक. आणि पहिला हात मारायच्या आधी डब्यावरच्या लेबलचा फोटो मला पाठव. फोन संध्याकाळी पाचनंतर कर, दुपारी मी झोपतो.

तुझे सर

ता. क. – फराळाला कडक चकल्या आणि रव्याचे टणक लाडू नेऊ नका, तिथे निम्म्यांना दात नाहीत. अनारसे, करंज्या, मऊ बेसन लाडू. शुगरवाल्यांसाठी पातळ पोह्यांचा चिवडा वेगळा काढा.